सत्तावन्न सेंटिमीटर

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात
ह्यांनी एकतीस वर्षं तपासणी केली.
त्यांनी पास केलेलं एकही काडतूस फुसकं निघालं नाही
असं ते सांगतात.
मी काही उडवून पाहिलेलं नाही.

निवृत्त झाल्यावर तपासायला घेतलं
वॉशिंग मशीन.

दोनशे पानी वही, लाल शाईचा समास.
वरून उघडणारं, पुढून उघडणारं,
किलो, लिटर, युनिट, मिनिटाला फेरे,
मोटरची हमी दहा वर्षं, बाकीची दोन.
"बाकीची म्हणजे कशाची?" त्यांनी विचारलं.
"आपली," मी म्हटलं.
तेही बहुधा लिहून घेतलं.

रोज सकाळी तळजाईवर
दिसेल त्याला थांबवायचे:
कुठल्या कंपनीचं? किती वर्षं झाली?
आवाज करतं का? हादरतं का?
चाफळकर नावाच्या एका गृहस्थांनी
दोन्ही गुडघ्यांची सविस्तर माहिती दिली.
वहीत चाफळकर आहेत,
पान सदतीस,
शेरा: समाधानी, पण जिना टाळतात.

मैत्रेयी हिंजवडीहून फोन करायची,
बाबा, अहो सगळी सारखीच असतात.
सारखीच असतात म्हणणाऱ्या पोरीला
ह्यांनी पाऊण तास समजावलं.

साडेतीन वर्षं.
तेवढ्यात मी धुतले
तीन दिवाळ्यांचे पडदे,
तिच्या बाळंतपणातली दुपटी, झबली, लंगोट,
आणि मनगटाला पट्टा बांधून
दोन रजया.
पिळायला हे दुसऱ्या टोकाला उभे राहायचे,
एवढं मान्य करायला हवं.

शेवटी सातारा रोडचं दुकान.
बावन्न डेसिबल की चोपन्न,
यावर अर्धा तास गेला.
मी फ्रिजच्या रिकाम्या खोक्याला टेकून
कागदी पेल्यातलं पाणी पीत होते.
दुकानातला तौसिफ नावाचा मुलगा माझ्याकडे वळला:
"काकू, तुम्हाला कुठलं हवंय?"

मला पटकन उत्तरच आलं नाही.
मग म्हटलं,
ज्याच्या तोंडातून रजई आत जाईल ते.

ह्यांनी वही उघडली.
पुढून चाळली, मागून चाळली.
असा रकाना नव्हता.

तौसिफनं शोकेसमधली एक गादीसारखी दुलई आणली,
एकेका मशीनच्या तोंडात कोंबून पाहिली.
सात मिनिटांत खरेदी झाली.

मशीन आलं गुरुवारी, दोन माणसांच्या खांद्यावर.
बाथरूमचं दार सत्तावन्न सेंटिमीटर.
मशीन साठ,
कसंही फिरवलं तरी साठ.
ह्यांनी टेप तीनदा लावला.
चौथ्यांदा लावला तेव्हा
मी चहा टाकायला आत गेले,
कारण माणसाचं तोंड अशा वेळी पाहू नये.

तर ते आता हॉलमध्ये आहे, टीव्हीशेजारी.
पाइप पॅसेजमधून, पायपुसण्याखालून मोरीत जातो.
येणाऱ्याला आम्ही सांगतो, जरा पाय उचलून.
वहीत शेवटच्या पानावर
माझा रकाना पट्टीनं आखलाय:
रजई जाते. लाल शाईची बरोबरची खूण.
त्याखाली, बारीक अक्षरात, दार.

दुपारी हे कानातलं यंत्र काढून डबीत ठेवतात,
खुर्ची ओढून काचेसमोर बसतात.
आत माझी फुलाफुलांची, त्यांची पट्ट्यापट्ट्यांची,
वर, खाली, वर.
बावन्न डेसिबल ऐकते ती मी,
आतल्या खोलीत पडून.
हे मधूनमधून झाकणावर तळहात ठेवतात
आणि सबंध सोसायटीला ऐकू जाईल असं विचारतात,
"झालं का गं?"

झालेलं असतं.
हात ठेवूनही त्यांना कळत नसेल
असं मला वाटत नाही.
मी दारातून खूण करते,
अजून दहा मिनिटं,
आणि कूस बदलते.