बोळा

फेब्रुवारीत कवडीचा तुरा फिका पडला.
मला वाटलं, ऊन लागलं.
मग खुडूक बसलेली काजळी
नऊ अंड्यांवरून उठली ती परत गेलीच नाही.
अंडी गार झाली. दुर्गीनं ती
एकेक करून कानाला लावून पाहिली.

दिवसा खुराड्यात काहीच दिसायचं नाही.
पिसं फुंकून पाहिली, शेपटीखाली पाहिलं,
एरंडोलहून आणलेली पावडर फासली.
दुकानदार म्हणाला होता, हमखास.
कोंबड्या शिंकल्या, एवढंच.

ठगूमाय भिंतीपलीकडून हसली,
"दिनले काय देखस रे भाऊ?
रातले देख.
त्या कोंबडीवर नही राहतस,
लाकूडमा राहतस."

तशी रात्र माझीच.
धरणगावच्या जिनिंगात मी दुसऱ्या पाळीला,
घरी येतो तेव्हा दीड वाजलेला,
भुवयांत, कानांत, बनियनच्या आत तंतू.
किती दिवस मी खाजवत होतो
आणि दोष कापसाला देत होतो.

मोबाईलचा उजेड दांडीखाली धरला
तर बोरीची दांडी हलत होती.
लाकडाची सालच जणू
उठून चालायला लागली होती,
राखेच्या रंगाची, मधूनच तांबूस,
खसखशीहून बारीक.
आणि कोंबड्या झोपेतच
एक पाय उचलायच्या, दुसरा टेकवायच्या.

खिशातल्या कापसाचा बोळा केला,
चिरेतून एकदा फिरवला.
अकरा वर्षं कापूस हाताळतोय.
लाल निघालेला पहिल्यांदा पाहिला.

रविवारी सगळं अंगणात काढलं.
दांडी पऱ्हाट्यांवर घालून जाळली,
ती तडतडली, जरा जास्तच.
फटींत उकळतं पाणी, वर चुना,
चुन्यात कडुनिंबाचा पाला वाटून.
बांबूची नवी घोडी, गुळगुळीत,
तिचे चारी पाय जळक्या ऑइलच्या डब्यांत.
ऑइल मिलच्या फिटरनं दिलं, निजामभाई पिंजारीनं,
म्हणाला, आमच्याकडे झाल्या होत्या तेव्हा
आम्ही पलंगसुद्धा जाळला.

राखेत लोळायला खड्डा केला.
पाटीलबाई नावाची कोंबडी पहिली उतरली,
अर्ध्या गल्लीवर राख उडवली
आणि अशी बघत राहिली की मीच मळका.

"एक डावमा नही सरत," ठगूमाय म्हणाली,
"आठ दिनमा अंडा फुटतस.
खुराडं रिकामं ठेवं तरी
सहा महिना उपाशी वाट देखतस."

सहा महिने.
मी त्या एका गोष्टीवर अडकलो.
लाकडाच्या चिरेत, पोट रिकामं,
कुणीतरी ऊबदार येऊन बसेल म्हणून.
आठव्या दिवशी पाणी ओतताना
हात थोडा थांबला.
मग काजळीची अंडी आठवली.
ओतलं.

पंधराव्या दिवशी पुन्हा.
कवडीचा तुरा अजून डाळिंबी नाही,
विटकरीपर्यंत आला आहे.

काल दुर्गी दीडपर्यंत जागी राहिली.
उजेड मी धरला, बोळा तिनं फिरवला.
पांढरा.
उलटा केला. पांढरा.
मी मोबाईल खिशात घालणार,
तेवढ्यात म्हणाली, "थांबा,"
आणि नखानं
एक तंतू बाजूला सारला.