एकीच्या तीन

मी दुभाष्या.
एरवी शाळेत पाढे घेतो,
आणि पाहुणे वर चढून आले
की त्यांची उर्दू शिना बोलीत ओततो,
सांडू न देता.

या खेपेला डॉक्टर मेहरीन. सोबत एक वजनकाटा,
पन्नास कोरी पाकिटं लेंड्या भरायला,
आणि एक फॉर्म, ज्याची पहिली ओळ : कूळ – खारींचं.

समोर नियत वली.
चाळीस उन्हाळे बकरीच्या केसांच्या दोरावर लोंबकळून
कपारींतलं शिलाजीत खरवडलेलं त्यानं,
दोर नायलॉनचा झाला तेव्हा गुडघे संपले.
नखं अजून काळी.

मेहरीन म्हणाल्या, त्यांना सांगा,
सव्वाशेहून जास्त वर्षं आपण हिला एकच समजत होतो.
लोकरी उडती खार. मांजराहून लांब,
शेपूट अंगाएवढं.
मधली सत्तर वर्षं तर कुणालाच दिसली नाही.

मी सांगितलं.
नियत वली म्हणाला, "कुणाला?"
हे मी उर्दूत आणलं नाही.

मग संग्रहालयांचे खण आले.
कापूस भरलेली कातडी, पायाला बांधलेल्या चिठ्ठ्या,
पाइनच्या सुया दळून दळून
उंच वाढलेल्या दाढा.
मोजल्या, पुन्हा मोजल्या,
तर एकीच्या तीन निघाल्या :
एक आपली, एक तिबेटच्या अंगाची, एक पार युन्नानकडची.
लाखो वर्षांपूर्वीच चूल वेगळी केलेल्या.

"जात वेगळी," त्या म्हणाल्या.

हा शब्द आमच्या गावात जपून खाली ठेवावा लागतो.
शीन कोण, यशकुन कोण,
कुणाच्या मुलीला कुणाकडून मागणं येत नाही,
हे फळ्यावर न लिहिताही पोरांना पाठ असतं.
नियत वलीनं दाढी खाजवली.
"खारींतही? मग सोयरीक होत नाही एकमेकींत?"

मेहरीन हसल्या. म्हणाल्या,
"आमच्या पुस्तकातली व्याख्या जवळजवळ हीच आहे."

"म्हणजे खारी तिप्पट झाल्या."
"नाही. होत्या तेवढ्याच आहेत.
फक्त प्रत्येकीच्या वाट्याला
आता थोड्या आल्या."

तीन एके तीन मी रोज म्हणवून घेतो.
हा पाढा मला उलटा येईना.
दोनदा अडखळलो. तिसऱ्यांदा हातानं दाखवलं,
ताटातली एक भाकरी घेऊन.
त्यानं भाकरीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

पुढचा रकाना : स्थिती. धोक्यात.
बाकीच्या दोघींबद्दल म्हणे
धोका किती हे सांगण्याइतकंही ठाऊक नाही.

त्याच्या पुढचा : कारणं.
पहिलंच कारण वृक्षतोड.
मी ते शिनात म्हणत होतो
आणि शेगडीत देवदाराचं लाकूड तडकलं.
कुणीच काही बोललं नाही.
मेहरीनचे हात तिथेच शेकत होते,
बोटं थोडी आखडली, पण मागे गेली नाहीत;
बाहेर उणे नऊ.
नियत वलीनं आणखी एक ओंडका सारला आत.
पाहुणा गारठलेला बसवायची
रीत नाही इथं.

शेवटी : स्थानिक नाव.
तो गप्प.
मला वाटलं, प्रश्न माझ्याकडून सांडला.
पुन्हा विचारलं.

म्हणाला, "कड्यावर तिचं नाव घेत नाहीत.
माझ्या चुलत्यानं घेतलं होतं,
दोर वर आला, रिकामा."

"पण आपण कड्यावर नाही," मेहरीन म्हणाल्या,
हळू, पेन उचलून धरून.

त्यानं खिडकीकडे पाहिलं.
काचेपलीकडे कडा, अर्धा चांदण्यात,
आणि वरच्या झाडापासून खालच्या झाडापर्यंत
एक अंधार, जरा सरकल्यासारखा.

"ती आहे ना," तो म्हणाला.

हे मी शब्दाला शब्द सांगितलं.
त्यांनी पेनाचं टोपण लावलं.