एक चौरस मीटर

ट्रॉम्बेच्या जेट्टीपासून डावीकडे,
ओहोटी लागून सव्वा तास झाला की
मी चिखलावर चौकट टाकते.
पांढऱ्या पीव्हीसी पाइपची, एक मीटर बाय एक मीटर,
कोपऱ्यावर कॉलेजचा नंबर, मार्करने लिहिलेला, अर्धा पुसलेला.

आतलं तेवढं माझं.
बाहेर जग आहे, पण ते आज मोजायचं नाही.

निवटी, एक.
गालात पाणी धरून बसलेली,
डोळे थेट टाळूवर,
घाईघाईत कुणी चुकून वर लावून दिल्यासारखे.
तिला मी 'जीव' या रकान्यात घालते
आणि ती उडी मारून रकान्याबाहेर जाते.

खुब्या, एकेचाळीस.
एकेचाळीस झाल्या की त्यांना संख्या म्हणायचं.
मग कुठलीच एक खुबी उरत नाही,
दर चौरस मीटरला किती, एवढंच.
बाबा गेले त्या वर्षी जनगणनेचा माणूस दारात आला होता.
आईने घरातल्यांची बोटं मिटली,
मग एक बोट पुन्हा उघडलं.

मागच्या मार्चला तेलाचा तवंग आला.
त्या महिन्याच्या पानावर बावीस शून्यं आहेत.
शून्यसुद्धा मोजावं लागतं,
तेवढंच वाकून, तेवढाच वेळ.

"काय गो, आजपन खिडकी टाकलीस?"
धाकलीबाई वैती, गुडघ्याएवढ्या चिखलातून,
पाटी डोक्यावर, कोयता कमरेला.
कुणाच्या घराची खिडकी, ते ती कधी विचारत नाही.
तिचा पाय चौकटीच्या आत पडतो.
खड्डा.
खड्ड्यात पाणी.
पाण्यात निवटी, तीच किंवा दुसरी.
"आता मला पन मोज."

'नमुना बिघडला' असं मी वहीत लिहिते.
मग खोडते.

पलीकडे रोहित पक्षी माना उलट्या घालून चिखल गाळतायत.
त्यांचा गुलाबी रंग शेवाळातून आलेला,
शेवाळ माजतं नाल्याच्या पाण्यावर,
नाल्यात गोवंडी, मानखुर्द, चेंबूर,
सकाळी मी तांदूळ धुतले ते पाणी.
त्या पंखात माझाही एखादा दाणा असणार.
हे लिहायला माझ्या तक्त्यात जागा नाही.
रिफायनरीची ज्योत भरदिवसा जळते,
तिचाही रकाना नाही.

त्या दिवशी उधाण होतं.
तिथी मी पाहिली नव्हती, धाकलीबाईला ठाऊक होती.
"निघ आता," ती दोनदा म्हणाली.
वही वाचली, चप्पल वाचली,
चौकट राहून गेली.

दिवाळीनंतर तीच घेऊन आली,
पाटीत, ओल्या गोणपाटाखाली.
तिवराच्या श्वासमुळांत अडकली होती म्हणे.
बाजू तीनच उरलेल्या.
पाइपवर बार्नॅकलचा खरखरीत थर,
एका कोपऱ्यात कालव, सिमेंटने बसवल्यासारखं,
आणि तुटक्या तोंडातून
नखाएवढी चिंबोरी नांगी बाहेर काढून
भाडं मागायला आलोय की काय ते बघत होती.
"तुझ्या खिडकीत बिऱ्हाड आलंय," धाकलीबाई म्हणाली.
"खरवडून देऊ?"
कोयता हातातच होता.

उद्या पहिल्या तासाला फळ्यावर शिडी काढायची आहे.
जीव, संख्या, समुदाय, परिसंस्था, जीवावरण.
खालून वर.
शिडी टेकवायची कशाला, ते पुस्तकात दिलेलं नाही,
आणि दरवर्षी मागच्या बाकावरून
कुणीतरी विचारतंच,
मॅडम, आपण कितव्या पायरीवर?

मी म्हटलं, नको, राहू दे.
ओहोटी होती, आम्ही दोघी पुन्हा खाली उतरलो,
तिने जागा दाखवली, मी चौकट ठेवली.
या वेळी काही मोजलं नाही.

नव्या चौकटीसाठी ऑफिसात अर्ज दिलाय.
'कारण' या ओळीपुढे जागा फार थोडी होती.
लिहिलं:
जुनी वापरात आहे.