दोन सेंटिमीटर कमी

केस गेले की डोकं लहान होतं,
हे मला एस्पेरान्साबाईंनी सांगितलं.
फार नाही. दोन सेंटिमीटर.
टेप कपाळावरून, कानांवरून,
मागे मानेच्या खळग्याच्या जरा वर,
आणि येईल त्या आकड्यातून दोन वजा.

मी एकतीस वर्षं फोंडा-पणजी गाडीवर तिकिटं फाडली,
वजाबाकीला घाबरत नाही.
सुईला घाबरलो.
पहिली टोपी सोललेल्या नारळावर बसवून पाहिली,
नारळाच्याही नाकावर आली.
बाई म्हणाल्या, उसव.
त्यांनी वेदीच्या कापडाला आयुष्यभर लेस विणलेली,
त्यांना गाठ खपत नाही.
आतून गाठ राहिली की उघड्या डोक्याला
तो खडाच, रात्रभर.
आणि लोकर आणलीस तर परत घेऊन जा.
म्हार्दोळच्या या घामात लोकर?
सुती धागा. दोनदा धुतलेला.

सगुणासाठी विणत होतो.
देवळाच्या पायऱ्यांशी जाईच्या फाती विकायची ती,
बोटं अशी चालायची की दोरा दिसायचाच नाही.
दुसऱ्या सलाइननंतर बोटांची टोकं बधिर झाली,
कळ्या हातातून सांडायला लागल्या.
केस त्याआधीच गेले होते.

मी आपला शहाणा.
टोपीला मागे पाच कड्या विणल्या, साखळी टाक्याच्या,
फाती माळायला.
तिनं टोपी उलटी करून पाहिली,
कड्यांतून बोट घातलं.
बधिर बोट, तरी घातलं.
म्हणाली, भाऊ, विचारायचं तरी.
जाईच्या वासानंच पहिली उलटी येते आता.

तेव्हापासून विचारतो.
मात्र 'कशी आहेस' असं नाही.
त्याला ती काय सांगणार, आणि आपण काय करणार.
विचारतो, पेजेत मीठ किती.
विचारतो, मुलाची फी कुठल्या तारखेला.
स्टीलचा चमचा तोंडात लोखंडासारखा लागतो म्हणाली,
तर घनश्यामच्या सुनेनं
करवंटीची डवली घासून घासून
ओठाला लागेल इतकी पातळ केली.

बुधवारी तिची बांबोळी.
बुधवार म्हणजे आमच्याकडे मासळीचा वार,
सोमवार शिवराक, गुरुवार शिवराक, मधला हा एकच मोकळा.
पण तव्यावरच्या बांगड्याचा वास
तिच्या खिडकीतून आत जायचा.
कुणी सभा घेतली नाही.
एका बुधवारी नुसतं लक्षात आलं
की वाड्यावर कुठेच काही तळलं जात नाही.
एस्पेरान्साबाईंनीसुद्धा सुंगटं बर्फात ठेवली,
वर म्हणाल्या, तुमच्या देवांना आणखी एक वार मिळाला,
फुकटचा.

मी पहिल्या गाडीनं पुढे जायचो,
टोकन घेऊन ठेवायचो.
रांग ही माझ्या ओळखीची वस्तू आहे,
कोण घुसणार हे मला मानेवरून कळतं.
ती घनश्यामच्या व्हॅनमधून मागून यायची,
पाय पोटाशी घेऊन.
एकदा मी तिच्या हातात टोकन दिलं,
तिला ते धरता येईना.
तिनं हात मागे नेला, चाचपला,
आणि सरळ टोपीच्या कडीत खोचलं,
मी कानावर पेन्सिल खोचायचो तसं.
बाजूच्या खुर्चीवरची डिचोलीची बाई पाहून हसली.
म्हणाली, मलाही असली एक.
आतापर्यंत बावीस विणल्या.
सगळ्यांना कड्या आहेत.
कुणी चष्मा अडकवतं, कुणी घराची किल्ली.

सगुणाची टोपी परवा परत आली,
धुऊन, घडी करून, वर्तमानपत्रात.
टाक्यांवर तिच्या तीन-चार राठ केसांचे तुकडे,
आणि एका कडीत
जाईची कळी, तपकिरी झालेली.
म्हणजे शेवटी शेवटी माळली असणार.
की दुकानात पुन्हा बसली तेव्हा
चुकून अडकली? विचारायला हवं.

कळी मी काढली, पाकिटात ठेवली, जुन्या पासामागे.
टोपी आणखी एकदा धुवायला टाकली.
ज्याच्या डोक्यावर उद्या जाईल
त्याला वास कसा लागतो,
मला अजून माहीत नाही.