दोन मिलिमीटर

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून
अठरा एमएमचा प्लाय टेम्पोत टाकून आणला,
त्याला आता तिसरा महिना.

दोरीवरच्या चादरींवर भुसा, पोह्यांत भुसा.
खालचे रसाळ बेल न वाजवताच दारात:
"अजून किती दिवस हे सुतारकाम?"
म्हणालो, रविवारपर्यंत.
कोणत्या, ते त्यांनी विचारलं नाही.

पहिलं भोक दोन मिलिमीटर मोठं पडलं.
वूफर आत असा डुगडुगला
जसा दुसऱ्याच्या चपलेत पाय.
ते फळकूट आता तुळशीच्या कुंडीखाली आहे.
दुसऱ्या खेपेला काटकोनच काटकोनात नव्हता.
मुनीर मिस्त्रींना फोटो पाठवला.
"गुण्या घ्या साहेब,
डोळ्यावर भरवसा ठेवू नका."

मग गुण्या. मग उसने क्लॅम्प. मग रात्रभर फेविकॉल,
आणि सकाळी सांध्यात नखसुद्धा शिरेना!
नख फिरवत बसलो,
ऑफिसला उशीर झाला.

काल डावा बोलला.
स्वच्छ. फक्त खर्जात कुठेतरी बारीक टरटर,
डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखी.
वायरी तपासल्या, स्क्रू आवळले,
अँपलाही शिव्या घातल्या.
कुंदा भाजी निवडता निवडता म्हणाली,
"आत काही राहिलं नाही ना?"
तेव्हा आठवली
आठवडाभर शोधत असलेली पेन्सिल.

वूफर काढला. कोपरापर्यंत हात आत.
कापूस, अंधार, गोंदाचा आंबूस वास,
आणि ती.

बंद करण्याआधी
आतल्या भिंतीवर त्याच पेन्सिलीनं लिहिलं:
दोन मिमी. चूक माझी.

उजवा अजून कापायचाय.