रकाना

सिव्हिल लाइन्स, तिसरा मजला. कूलर घरघरतो.
वाळ्याचा वास आणि फायलींचा, दोन्ही ओले.
समोर तक्ता : डावीकडे इंग्रजी शब्द,
उजवीकडे प्रतिशब्द, रकाना दीड इंच.
सकाळपासून एकाच ओळीवर बसलेय :
प्रोक्रस्टियन.

कोशात गोष्ट दिलीय. ग्रीसमधला कुणी दरोडेखोर
वाटसरूंना मुक्कामाला बोलवायचा.
पलंग एकच.
पाहुणा लांब निघाला तर पाय कापायचा,
आखूड निघाला तर ताणून पुरवायचा.
पलंगाला कधी करवत लागली नाही.

लिहिलं : साचेबंद. खोडलं.
साच्यातलं मेण ओरडत नाही.
सरसकट? सरसकट तर आठवीपर्यंतची पोरं पास होतात,
त्यात रक्त कुठंय?
लांजेवार साहेब डबा उघडत म्हणाले,
"ताठर टाका न मॅडम, चला पुढं.
कोण वाचून राह्यलं?"

वाचून राह्यलं.

चौथीत उशिरा पोचले तेव्हा बाईंनी कारण विचारलं.
"माय पाणी भरून राह्यली होती,
मले कोणी उठवलंच नाही."
वर्ग हसला. बाई भल्या होत्या, मारलं नाही.
फळ्यावर नीट अक्षरात लिहिलं :
आई पाणी भरत होती. मला.
आणि वहीत शंभर वेळा मला मला मला.
तो 'ले' कुठं पडला, कोणी शोधला नाही,
मीही नाही.
आता पुण्याहून फोन येतो, पलीकडचा म्हणतो,
तुम्ही नागपूरच्या वाटत नाही हो,
आणि मला बरं वाटतं.
वाक्यात उपयोग करा, असं कोशात नसतं,
पण हाच तो.

देवाजी मामा गोंदियाहून यायचा, साडेसहा फूट.
पाचपावलीच्या गच्चीवर, मे महिन्यात,
बाजेच्या बाहेर त्याच्या पोटऱ्या.
माय कधी म्हणाली नाही, पाय आखडून झोप.
खालून स्टूल आणायची, वर गोधडीची घडी,
आणि मामाचे पाय त्या स्टुलावर
एखाद्या वेगळ्या पाहुण्यासारखे झोपायचे.
सकाळी दावण ढिली झालेली असायची,
संध्याकाळी ती गुडघा रोवून ओढून घ्यायची.
आमच्याकडे ताणतात ती बाज.

पाच वाजले. मी लिहायला घेतलं :
'पाहुण्याला पलंगाच्या मापाचा करणारा,
आणि याला पाहुणचार म्हणणारा'
ओळ रकाना ओलांडून शेऱ्याच्या घरात शिरली,
तिथून थेट कागदाच्या काठाला.

साहेबांनी चष्मा वर केला.
"हे बसत नाही न इथं. थोडं कापा."

मी कोऱ्या कागदाची एक पट्टी फाडली,
काठाखाली लावून पाहिली. पुरते.
"थांबा न साहेब," म्हटलं,
"डिंक शोधून राह्यली."