भाड्याचे गमबूट

रुवेन्झोरीच्या फाटकाशी
थेंबोचं पत्र्याचं दुकान.
गमबूट भाड्याने. सहा नंबरपासून बारापर्यंत.

चेहरे तो बघतच नाही.
हे पाय दलदलीतूनच माघारी फिरणार.
ही बाई मात्र
बर्फाला हात लावून येईल.

आठवड्याने बूट परत येतात.
उलटे करून झटकतो :
शेवाळाचा गोळा, एखादा खडा,
वरचं काळंगार पाणी.

बापाला केळीच्या बागेतून दिसायचा बर्फ.
तिथे देव असतो, म्हणायचा,
बोट दाखवू नकोस.
आता दाखवायचं म्हटलं
तरी नेमकं कुठे?

काल एकाने विचारलंच,
तुम्ही तर कितीदा गेला असाल वर?
थेंबो पावती फाडत म्हणाला,
नऊ नंबर माझा.
तो कायम बाहेरच असतो.